घासलेल्या भागावर पांढरी पूड परत परत येते? पॉलिश खाली ठेवा, आधी धातू ओळखा

पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. माणसं वेगळी, घरं वेगळी, तक्रार एकच. "काका, दिवाळीत आरशासारखा केला होता. आता बघा." खाली जुन्या विमानाचं एखादं पॅनेल, ब्रॅकेट नाहीतर चाकाचा हब, आणि त्यावर कोणीतरी मीठ भुरभुरावं तशी पांढरी पूड. पुसली की निघते, पंधरा दिवसांत परत हजर. मग मंडळी परत घासतात, ती परत येते. तिसऱ्या वर्षापर्यंत भागावरचा नंबर झिजलेला असतो, तपासनिसाचा शिक्का गेलेला असतो आणि हातात धातूचा नुसता तुकडा उरतो. तसा तुकडा भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो.

मी विमानवाला नाही. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी गेली, आणि जुन्या लष्करी विमानांचे लिलावातून बाहेर पडलेले भाग जमवण्याचा नाद मात्र निवृत्तीच्या आधीपासूनचा. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं मी भाग खराब करून शिकलोय, तेव्हा शहाणपणाचा आव नाही.

ही पूड म्हणजे बहुधा धातूचाच गंज. लोखंडाचा गंज तांबडा, ॲल्युमिनियमचा आणि मॅग्नेशियमचा पांढरा, एवढाच फरक. आपण जी पूड पुसतो ती भागाचं अंगच असतं. दर वेळी थोडं अंग जातं. त्यामुळे "परत घासू का?" याचं माझं उत्तर नेहमी "थांबा" असं असतं. आधी दोन गोष्टी सांगा: धातू कोणता, आणि पूड नेमकी कुठून निघतेय.

भाग कुठला, हे कशाला बघायचं

नाशिकमध्ये जो तो आपल्याकडचा भाग मिग या रशियन घराण्यातल्या लढाऊ विमानाचाच आहे असं धरून चालतो. साहजिक आहे. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४ चा, तिथे मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस हे प्रकार बनले, पुढे मिग-२७, मग सुखोई-३०. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, आणि त्यानंतर तर ज्याच्या माळ्यावर चार रिव्हेट असलेला पत्रा आहे तोही मिगवाला झालाय. पण भारतीय हवाई दलाकडे व्हॅम्पायर, कॅनबेरा, हंटर, नॅट अशी ब्रिटिश घराण्यातली विमानंही होती आणि डकोटासारखी अमेरिकनही. घराणं बदललं की धातू, रंग, आटे सगळं बदलतं. म्हणून ओळख आधी.

ब्रिटिश भागांवर मुकुट आणि त्याखाली ए-एम ही अक्षरं दिसतात, म्हणजे तिकडचं एअर मिनिस्ट्री. शिवाय साठ्याचा क्रमांक असतो: सहा-ए ने सुरू झाला तर उपकरण, पाच-सी ने सुरू झाला तर विजेचं सामान. अमेरिकन भागांच्या नट-बोल्टवर ए-एन नाहीतर एम-एस या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात. आटे मापायची पानं, म्हणजे थ्रेड गेज, कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. आटा मिलिमीटरमध्ये बसला तर रशियन घराण्याकडे झुकायचं, इंचात बसला तर ब्रिटिश किंवा अमेरिकन.

रशियन पट्ट्या वाचताना आपले लोक हमखास एक चूक करतात. रशियन लिपीतली काही अक्षरं दिसतात इंग्रजीसारखी, उच्चार मात्र वेगळा. इंग्रजी बी दिसतो तो तिथे 'व', पी दिसतो तो 'र', एच दिसतो तो 'न', सी दिसतो तो 'स'. व-९५ नावाचा एक फार ताकदीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू आहे. त्याला लोक बी-९५ वाचतात, मग इंटरनेटवर शोधतात आणि गोळ्या-औषधांची दुकानं सापडतात. आणखी एक धागा: हवाई दलात मिग-२१ एफएलला टाइप ७७ म्हणत, एमला टाइप ९६ आणि बिसला टाइप ७५. भागाच्या क्रमांकाची सुरुवात यातल्या एखाद्या आकड्याने असेल तर ती चांगली खूण समजायची, पुरावा नव्हे. कारण जुन्या प्रकारासाठी काढलेलं ड्रॉइंग नव्या प्रकारातही तसंच वापरलं जातं आणि भाग जुनाच क्रमांक मिरवतो. 'ओझरचा भाग' म्हणून कोणी इंजिनाचा तुकडा विकत असेल तर जरा थबका. मिगची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला बनत.

आणि हो, पावती. लष्करी भंगार लिलावातून रीतसर बाहेर पडतं, त्याचा कागद असतो. कागद नसलेला भाग कितीही देखणा असो, घेऊ नका. इजेक्शन सीटचं काही समोर आलं तर लांबूनच नमस्कार करा. त्यात स्फोटक काडतुसं असतात आणि ती वापरली गेलीत की नाही हे बघून कळत नाही. अशा वेळी ११२ ला फोन.

धातू ओळखण्याची स्वयंपाकघरातली पद्धत

लोहचुंबक लावून बघण्यात काही बिघडत नाही, पण त्याने फक्त 'पोलाद आहे की नाही' एवढंच कळतं. आपला घोळ असतो तो ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममध्ये. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके, दोन्हीला चुंबक लागत नाही. आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट.

एक प्लास्टिकची बादली पाण्याने अर्धी भरा, वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. भागाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं त्या भागाचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. आता भागाचं कोरडं वजन त्या आकड्याने भागा. समजा भाग ९०० ग्रॅमचा आहे आणि काट्याने ३२५ दाखवले, तर उत्तर आलं २.७७, हा ड्युरालुमिन, म्हणजे विमानातला ॲल्युमिनियम. काट्याने ५०० दाखवले तर उत्तर १.८; हा मॅग्नेशियम. साडेचारच्या आसपास आलं तर टायटॅनियम, आणि पावणेआठ आलं तर पोलाद, मग चुंबकाने आधीच का सांगितलं नाही ते बघा. काही प्रकारचं स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आत पोलादी बुश (भोकात बसवलेली छोटी नळी) ठोकलेला असेल तर मॅग्नेशियमचा आकडा दोनच्या पुढे सरकतो, म्हणून १.९ ते २.२ आलं तर मॅग्नेशियमच समजून पुढची परीक्षा करा. आर्किमिडीजची गोष्ट शाळेत सगळ्यांनी घोकली, वापरत कोणी नाही.

पुढची परीक्षा व्हिनेगरची. भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढी जागा रंग खरवडून उघडी करा आणि तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच फसफसलं तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियम ढिम्म बसून राहतो. थेंब लगेच टिपा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा.

चाकांचे हब, गिअरबॉक्सची घरं, काही उपकरणांच्या ओतीव चौकटी हे मॅग्नेशियमचे असण्याची शक्यता दाट. रशियन ओतकामात एम-एल-५ ही खूण दिसली तर प्रश्नच मिटला, तो मॅग्नेशियमच. पंखांचे, धडाचे पत्रे ॲल्युमिनियमचे, बहुधा डी-१६ जातीचे.

माझा हब आणि चिंच-मीठ

पहिल्यांदा मी ही परीक्षा केली नव्हती. एका ओळखीच्या भंगारवाल्याकडून चाकाचा हब घेतला होता, पावतीसकट. करड्या रंगाखाली थोडी पांढरी पूड. आमच्याकडे देवाची भांडी चिंच-मिठाने घासतात, आई पितळेची समई पाच मिनिटांत सोन्यासारखी करायची. म्हटलं, धातू तो धातू. चिंचेचा कोळ केला, मूठभर मीठ टाकलं आणि हब परातीत ठेवला.

परात जिवंत झाली. फेस, बुडबुडे, वास. बायको म्हणाली, "अहो, हे शिजतंय का काय?" मी हब नळाखाली धुतला, पुसला आणि चमकला म्हणून खूशही झालो. पुढच्या श्रावणात त्याला जे खड्डे पडले त्यात करंगळीचं टोक जाईल. आंबट पदार्थाने मॅग्नेशियम सरळ विरघळतो, आणि मिठातलं क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. ते तिथून सहज निघत नाही. हवेतला ओलावा आला की परत कामाला लागतं. दर पावसाळ्यात पूड येते त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच. क्लोराइड संपत नाही. तेच ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं.

घाम, बाथरूम साफ करायचं ॲसिड, ब्लीचिंग, खारट बोअरचं पाणी, या सगळ्यांतून क्लोराइड येतं. भाग उघड्या हाताने हाताळता तेव्हाही. बोटाच्या ठशाच्या आकाराची पूड मी स्वतः पाहिली आहे, रेषांसकट.

पूड कुठे येते ते बघा

भाग हातात घ्या, भिंग घ्या, उन्हात बसा. पूड पुसायच्या आधी फोटो काढा. पुसल्यावर पुरावा जातो.

पूड नट-बोल्टच्या भोवती कडं करून येत असेल तर दोन धातूंचं भांडण आहे. ओलावा आला की पोलाद आणि मॅग्नेशियम यांची बॅटरी बनते आणि त्यात मॅग्नेशियम झिजतो. आपले हौशी लोक इथे जुने, डाग पडलेले स्क्रू काढून त्या जागी चकचकीत स्टेनलेसचे लावतात आणि भांडण वाढवतात. मूळच्या पोलादी स्क्रूवर कॅडमियम या धातूचा मुलामा असायचा तो याच कारणाने. कॅडमियम ॲल्युमिनियमशी जुळवून घेतो. इलाज सोपा: स्क्रू काढा, भोकाच्या आत आणि डोक्याखाली लॅकर (पारदर्शक रंग) लावा, वाळू द्या, नायलॉनचा वॉशर घालून परत बसवा. मूळ स्क्रू टाकू नका. ते घासूही नका, का ते पुढे सांगतो.

पूड अख्ख्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी येत असेल आणि भाग पत्र्याचा असेल, तर विचारा: याला बफिंग (फिरत्या चाकावरचं पॉलिश) कुठे केलं? माझ्या एका मित्राने पंखाचं सुंदर पॅनेल आपल्या भांडी बाजाराकडच्या एका पॉलिशवाल्याकडे दिलं. पॉलिशवाल्याचा काही दोष नाही, त्याने भांड्यासारखं ते आरसा करून दिलं. पण ज्या चाकावर दिवसभर तांब्या-पितळेचे हंडे फिरले त्याच चाकावर हा ॲल्युमिनियमचा पत्रा फिरला. चाकातले तांब्याचे कण पत्र्यात रुतले, आणि तांबं ॲल्युमिनियमचा जुना वैरी. प्रत्येक कणाभोवती एक खड्डा. तारेच्या घासणीने किंवा पोलादी वायर ब्रशने घासलं तरी हाच प्रकार होतो, फक्त कण लोखंडाचे. मग पांढऱ्या ठिपक्याच्या मध्ये बारीक तांबूस टिंब दिसतं.

बफिंगचा दुसरा घाव जास्त खोल. विमानाचा पत्रा म्हणजे एकसंध धातू नसतो. डी-१६ मध्ये सुमारे चार टक्के तांबं असतं, ताकद त्यानेच येते आणि गंजही त्यानेच. म्हणून कारखान्यात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पापुद्रा चढवतात, जाडीच्या जेमतेम दोन ते चार टक्के. एक मिलिमीटर पत्र्यावर तो केसाहूनही पातळ. तेवढ्या पापुद्र्याच्या जिवावर ते विमान चाळीस वर्षं पाऊस खातं. आपण रविवारी दुपारी बफिंगचं चाक लावतो आणि अर्ध्या तासात तो उडवतो. खालचा तांबंवाला धातू उघडा पडला, की आपल्या आषाढात तो गंजल्याशिवाय राहत नाही.

पापुद्रा शिल्लक आहे का हे कॉस्टिक सोड्याच्या थेंबाने कळतं. नऊ भाग पाण्यात एक भाग सोडा (सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही), हातमोजे आणि चष्मा घालूनच. पत्र्याच्या मागच्या बाजूला एक थेंब, मिनिट-दोन मिनिटं. डाग पांढराच राहिला तर पापुद्रा आहे. काळा पडला तर तो तांब्याचा काळेपणा, पापुद्रा गेला. लगेच भरपूर पाण्याने धुवा, व्हिनेगरचं बोट फिरवा, परत धुवा. हा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो, नातवंडं घरात असतील तर हा प्रयोग गच्चीवर करा. पापुद्रा गेलेला पत्रा परत कधी उघडा चमकवायचा नाही. त्याला लॅकर किंवा रंग लागणारच, हे मान्य करून पुढे जायचं.

आता एक मजेशीर प्रकार. पूड थेंबांच्या ओघळासारखी, कडेला जास्त, मध्ये कमी, आणि धुतल्यावर दोन दिवसांतच आलेली असेल, तर तो गंज नसेलही. एकाने मला पाच महिने छळलं. शेवटी त्याच्या घरी गेलो तर भाग बोअरच्या पाण्याने धुवायचा, उन्हात वाळवायचा. इडलीच्या भांड्याला आतून जो थर बसतो तोच हा थर, पाण्यातला क्षार. ॲल्युमिनियमच्या भागावरची अशी पूड खरवडून काचेवर घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर क्षार, पाणी बदला. गप्प राहिली तर ॲल्युमिनियमचा गंज. मॅग्नेशियमच्या भागाला ही परीक्षा लागू नाही, त्याचा गंजही फसफसतो.

पूड पांढरी नसेल तर

हा भाग वाचल्याशिवाय कोणी हात लावू नये.

हिरवट-पिवळी पूड रंगाखालून येत असेल तर तो जुना क्रोमेट प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात. त्यातलं क्रोमियम कर्करोग करणारं आहे. कोरडा एमरी पेपर तिथे चालवायचा नाही. घासायचंच असेल तर ओलं, चांगला मास्क लावून, आणि फडकं-पाणी वेगळं बंद करून ठेवायचं. बहुतेक वेळा न घासणंच बरं. तो प्रायमर मूळचा आहे, भागाची तीच किंमत आहे.

पोलादी स्क्रूवर, क्लिपांवर पांढरी किंवा पिवळसर पूड म्हणजे मघाचा कॅडमियम. विषारी. ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, घासायचा नाही, तापवायचा तर मुळीच नाही. जुन्या स्क्रूला टॉर्च लावून सैल करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आणि उपकरणाच्या तबकडीवरून तपकिरी-पिवळी पूड सांडत असेल, काच फुटलेली असेल, तर तो रेडियमचा रंग असू शकतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या उपकरणांत, रशियन आणि ब्रिटिश दोन्ही, आकडे अंधारात दिसावेत म्हणून हा रंग वापरत. "आता चमकत नाही, म्हणजे मेला असेल" हा गैरसमज आहे. चमकणारं रसायन थकतं. रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षांचं. असं उपकरण उघडायचं नाही, घासायचं नाही, झोपायच्या खोलीत ठेवायचं नाही. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करायचं आणि पुढे काय करायचं ते मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारायचं. इथे माझा सल्ला घेऊ नका.

आता इलाज

आधी फोटो, सगळ्या बाजूंनी, शिक्क्यांचे जवळून. जांभळ्या शाईचे गोल-त्रिकोणी शिक्के अल्कोहोलने पुसले जातात, म्हणून त्यांच्यावर आधी कापराच्या वडीएवढा मेणाचा पातळ हात द्या किंवा ती जागा टाळा.

ॲल्युमिनियमसाठी: तेल-ग्रीस मिनरल टर्पेंटाइनने काढा. रशियन विमानांचं हायड्रॉलिक तेल लालसर असतं, ते बघून गंज समजू नका. पूड काढायला बांबूची काडी, नायलॉनचा ब्रश, जुना टूथब्रश. पितळेचा ब्रश नको, तांब्याचं भांडण परत घरात येईल. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोमट करून त्यात भाग अर्धा तास ठेवा, पाणी बदला, परत. चार-पाच वेळा. क्लोराइड निघालं का हे बघायला काढलेल्या पाण्याच्या चमचाभर नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात ते मिळतं. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून निघतंय. स्वच्छ राहिलं की थांबा. नळाचं पाणी वापरलं तर ते तसंच दुधाळ होतं, तेव्हा फसू नका, आणि सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर आठवडाभर काळं बोट घेऊन फिराल. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते खड्ड्यांतलं पाणी ओढून घेतं. हेअर ड्रायरने वाळवा, पण ड्रायर लावायच्या आधी अल्कोहोल पूर्ण उडू द्या. त्याच दिवशी लॅकर किंवा मेण. उद्यावर ढकललंत तर रात्रीत ओलावा बसतो.

आत पोलादी बुश असेल तर भिजवणं टाळा, ओल्या फडक्यानेच वारंवार टिपा.

मॅग्नेशियमसाठी भिजवणं नाहीच. कोरडी काडी, नायलॉन ब्रश, मग अल्कोहोल, मग लगेच लॅकर. ग्राइंडर आणि बफिंग मशीन दूर ठेवा. मॅग्नेशियमचा भुगा पेट घेतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. टूलरूममध्ये आम्ही शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायचो ती उगाच नाही. कारखान्यात मॅग्नेशियमला क्रोमिक ॲसिडची प्रक्रिया करतात, ती घरी करायच्या भानगडीत पडू नका.

लॅकर कुठलं? माळ्यावरच्या वस्तूला गाडीचं क्लिअर कोट चालतं, पण ते परत काढताना जीव जातो. संग्रहालयातले लोक ॲक्रिलिकचं असं लॅकर वापरतात जे ॲसिटोनने परत निघतं, किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण. मी हल्ली मेणावरच असतो. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, लोणच्याच्या बरण्या पुसायच्या वेळीच. विसरत नाही.

ठेवायचं कुठे

इथे मी सगळ्यात जास्त फसलोय. नाशिकच्या कोरड्या हवेचं कौतुक मार्चपर्यंत ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या खोलीतला मीटर ८० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसतो. भाग वर्तमानपत्रात, गोणपाटात, जुन्या फोममध्ये गुंडाळून ठेवले की ते ओलावा धरून बसतात. हवाबंद डबे घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नारिंगी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर परतून परत नारिंगी करा, मात्र ती कढई पुन्हा पोह्यांना नको. एक छोटा आर्द्रता मीटर आत ठेवा, ५० च्या खाली राहिला की निवांत झोपा.

स्टँडचा किस्सा सांगायलाच हवा. आपल्याकडे वाइनरी झाल्या, जुन्या पिंपांच्या ओक लाकडाच्या फळ्या मिळायला लागल्या, आणि एका उत्साही दादाने त्यांचा अप्रतिम स्टँड करून त्यावर काचेच्या बंद कपाटात मॅग्नेशियमची चौकट मांडली. दिसायला देखणं. सहा महिन्यांत चौकटीच्या खालच्या बाजूला पूड, जिथे लाकूड जवळ तिथे जास्त. ओक लाकूड वर्षानुवर्षं ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडत राहतं, म्हणजे व्हिनेगरचीच वाफ, आणि बंद कपाटात ती कोंडते. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचंही थोडंफार तसंच. दादाला ते पटेना. शेवटी लाकडाच्या जागी पावडर कोटिंग केलेली लोखंडी चौकट आणि टेकायला पॉलिइथिलीनचे तुकडे दिले. पुढच्या पावसाळ्यात पूड आली नाही, तरी त्याला अजून वाटतं की त्या वर्षी पाऊसच कमी होता.

जे बरं होत नाही

पूड कडेच्या आतून येत असेल आणि कडा फुगून पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी सुटत असेल, तर थरांमधला गंज आहे. व-९५ सारख्या ताकदवान धातूच्या दाबून बनवलेल्या पट्ट्यांत हा दिसतो. धातू बनताना त्याचे कण लाटलेल्या चपातीच्या पदरांसारखे लांबट होतात, गंज दोन पदरांच्या मध्ये शिरतो आणि फुगून पदर उचलतो. वरून कितीही मेण लावा, आत पोचत नाही. उडणाऱ्या विमानात असा भाग दिसला तर तो काढूनच टाकतात. आपण उडवणार नाही, आणि आपण दुरुस्त केलेला कुठलाही भाग उडणाऱ्या विमानाकडे जाऊ द्यायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

माझ्याकडे असा एक ब्रॅकेट आहे, वीतभर लांब, कडेला सहा-सात पदर सुटलेले. क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो. सुटलेले पदर मी कापले नाहीत. डब्यात सिलिका जेलबरोबर तो एकटाच ठेवलाय, आणि दर दसऱ्याला डबा उघडून कॅलिपरने कडेची जाडी मोजून वहीत लिहितो. गेल्या वर्षीचा आकडा ४.८ मिलिमीटर होता. यंदाही ४.८.